पिकअपची उंची वाढवून मोठे टायर बसवताना: कोकणातल्या गाडीसाठी कामाचा क्रम

कोकणात पिकअपला उंची देण्याचा विचार बहुतेकदा महामार्गावर सुचत नाही. तो बागेकडे जाणाऱ्या वाटेवर सुचतो. पावसाने मधली माती वाहून नेलेली असते, चाकोरीच्या दोन खोल घळींमध्ये जांभ्याचा उंचवटा उभा राहिलेला असतो आणि गाडीचे पोट त्यावर घासून जाते. अशा वेळी गाडी दोन-तीन इंच वर असती तर बरे झाले असते, असे वाटणे साहजिक आहे. परंतु पोटाचा नेमका कोणता भाग घासतो हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये, कारण त्या उत्तरावरच पुढचे सगळे काम ठरते.

मागचा अखंड ॲक्सल आणि त्याच्या मधोमध असलेला डिफरेन्शियलचा गोळा चाकांनाच जोडलेला असतो. पाटे किंवा स्प्रिंगा बदलून चेसिस कितीही वर उचलली, तरी तो गोळा जमिनीपासून एका मिलिमीटरनेही वर जात नाही. तो वर जातो तो फक्त मोठ्या टायरमुळे, आणि तोही टायरच्या व्यासात जितकी वाढ होते तिच्या निम्म्याने. याउलट डिझेलची टाकी, सायलेन्सर, पुढचा बंपर, पायरी आणि चेसिसचा मधला भाग उंच करायचा असेल, तर तेथे सस्पेन्शनचेच काम करावे लागते. म्हणून एकदा गाडी त्याच वाटेने हळू न्यावी, कोणाला तरी बाहेर उभे करून पाहायला सांगावे आणि खाली वाकून घासल्याच्या ताज्या खुणा पाहाव्यात. गोळ्यावर लाल माती आणि ओरखडे असतील, तर स्प्रिंगांवरचा खर्च वाया जाईल.

पुढील मार्गदर्शन पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) व कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे असलेल्या फोर-बाय-फोर पिकअपसाठी आहे. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या आपल्याकडे दिसणाऱ्या गाड्या याच रचनेच्या आहेत. चिरे, मासळी किंवा आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या पिवळ्या पाटीच्या माल-पिकअपवर हे काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उंची वाढली म्हणून गाडीची मंजूर भारक्षमता वाढत नाही. उलट भरलेल्या मालाचा गुरुत्वमध्य वर जातो आणि आंबा घाटाच्या किंवा करूळ घाटाच्या वळणावर त्याचा हिशेब चुकता करावा लागतो. शिवाय अशा गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्रासाठी उभे राहावे लागते.

कायद्याची बाजू आधी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा काटेकोर अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून सामान मागवण्यापूर्वी आपल्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात प्रस्तावित बदल लेखी विचारावा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. अपघातानंतर सर्वेक्षकाने गाडीखाली वाकून पाहिल्यावर हा विषय निघणे कोणालाच परवडत नाही. उत्पादकाने त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारासाठी दिलेला टायरचा आकार निवडणे हा सर्वांत कमी वादाचा मार्ग असतो. लेखी होकार मिळाला नाही, तर काम तेथेच थांबवावे.

किती उंची आणि कोणता टायर

माझ्या मते ४० ते ५० मिलिमीटर ही समंजस मर्यादा आहे. यापलीकडे गेल्यास पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे कोन, बॉल जॉइंट, ब्रेकच्या नळ्या आणि अलाइनमेंट या सगळ्यांच्या तक्रारी एकदम सुरू होतात. मी पहिल्यांदा उत्साहाच्या भरात स्पेसर (स्प्रिंगच्या माथ्यावर बसणारी जाड चकती) टाकून ७५ मिलिमीटर उंची घेतली होती. जुलै संपण्यापूर्वीच ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटवरचा रबरी बूट फाटला, आत लाल चिखल शिरला आणि पूर्ण जॉइंट बदलावा लागला. सामानाचा दोष नव्हता. जॉइंट ज्या कोनात चालवण्यासाठी बनवलेला नाही, त्या कोनात मी तो रोज चालवत होतो.

स्पेसर घेणाऱ्याने एक गणित लक्षात ठेवावे. कॉइल व शॉकअप यांचा एकत्र भाग खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसतो, त्यामुळे त्याच्या डोक्यावर टाकलेला २५ मिलिमीटरचा स्पेसर चाकापाशी जवळजवळ ५० मिलिमीटर उंची देतो. ५० चा स्पेसर म्हणजे ५० ची उंची असे समजून खरेदी करणारे बरेच भेटतात. स्पेसर स्वस्त असतो, पण चाक खाली लोंबण्याची हालचाल तो जॉइंटच्या मर्यादेजवळ नेऊन ठेवतो. थोडी जास्त लांब स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकअप यांचा पूर्ण संच महाग पडतो, तरीही तोच घ्यावा.

टायरचा हिशेब कागदावर करता येतो. २४५/७० आर १६ या टायरमध्ये २४५ मिलिमीटर रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे १७१.५ मिलिमीटर ही बाजूच्या भिंतीची उंची झाली. तिची दुप्पट ३४३, त्यात १६ इंची रिमचे ४०६.४ मिळवले की ७४९ मिलिमीटर व्यास येतो. २६५/७० आर १६ चा व्यास याच रीतीने ७७७ मिलिमीटर भरतो. फरक २८ मिलिमीटरचा, म्हणून गोळ्याखाली मिळणारी वाढ १४ मिलिमीटरची. याचबरोबर स्पीडोमीटर पावणेचार टक्क्यांच्या आसपास मागे पडतो, म्हणजे काटा ६० दाखवत असताना जुन्या टायरच्या तुलनेत गाडी ६२ च्या थोडी वर पळत असते. २६५/७५ आर १६ घेतल्यास व्यास ८०४ च्या जवळ जातो आणि हा फरक सात टक्क्यांवर पोहोचतो. तेथे घाट चढताना गिअर जड वाटू लागतात, ब्रेकला अधिक जोर लागतो आणि मडगार्डच्या आत कापाकापी अटळ होते. एक आकार वर जाऊन थांबावे.

टायरच्या भिंतीवरचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. ११२ हा अंक प्रति टायर १,१२० किलोग्रॅम दाखवतो. नक्षीबाबत बोलायचे तर चिखलासाठीचे खोल दातांचे टायर छायाचित्रात शोभतात, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी आणि आवाज जास्त असतो. कोकणात चार महिने डांबर ओलेच असते. ऑल-टेरेन टायर पुरेसा आहे. आणि समुद्राच्या वाळूत गाडी घालण्यासाठी हे सगळे करणार असाल, तर तो विचार सोडून द्यावा. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि भरती फसलेल्या गाडीसाठी वाट पाहत नाही.

तयारी: मुख्य शत्रू गंज

हे काम दिवाळीनंतर आणि आंब्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी करावे. हवा कोरडी असते आणि गाडी तीन दिवस उभी राहिली तरी खोळंबा होत नाही. खाऱ्या हवेत चार-पाच वर्षे काढलेल्या गाडीचे बोल्ट पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सुटत नाहीत. यू-बोल्ट, शॉकअपचे खालचे बोल्ट, पाट्यांचे पुढचे मोठे बोल्ट आणि शॅकल (पाट्यांचे मागचे टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) यांवर तारेचा ब्रश मारून काम सुरू करण्याच्या तीन दिवस आधीपासून रोज रात्री गंज सोडवणारे तेल मारावे. सर्वांत त्रासदायक असतो तो बुशच्या (सांध्यात बसवलेल्या रबरी नळकांड्याच्या) आतल्या लोखंडी नळीत जाम झालेला बोल्ट: नट सुटतो, बोल्ट फिरल्यासारखा वाटतो, पण प्रत्यक्षात बोल्ट व नळी एकत्र फिरून रबर फाटत असते. तो ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी कापावा लागतो. टाकीजवळ ठिणग्या उडणार असतील, तर ते काम घरी करू नये. नवे यू-बोल्ट, पाट्यांचे बोल्ट आणि बुश आधीच आणून ठेवावेत. अर्धी उघडलेली गाडी खळ्यात सोडून सामानासाठी तालुक्याच्या गावी जाण्याची वेळ येऊ नये.

जागा सपाट आणि टणक हवी. सारवलेल्या खळ्यात जॅक रुततो, म्हणून सिमेंटची जमीन नसल्यास जाड फळी घालावी. गाडी टेकवण्यासाठी चिरे रचण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती प्राणघातक आहे. जांभा सच्छिद्र असतो, त्यात न दिसणारी भेग असते आणि एका कोपऱ्यावर भार आला की तो सूचना न देता फुटतो. भारक्षमता लिहिलेले चार जॅक स्टँड घ्यावेत किंवा भाड्याने आणावेत. यांशिवाय ट्रॉली जॅक, टॉर्क पाना, पाट्यांसाठी चार मजबूत सी-क्लॅम्प, मोठा हातोडा आणि गाडीची सर्व्हिस पुस्तिका एवढे हवेच.

पाना हातात घेण्यापूर्वी चारही चाकांच्या केंद्रापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. टायर बदलला तरी हे माप बदलत नाही, त्यामुळे सस्पेन्शनने नेमकी किती उंची दिली ते यावरूनच कळते. तसेच रात्री सपाट जागेवर भिंतीसमोर गाडी उभी करून खालच्या दिव्याची कड भिंतीवर खडूने आखून ठेवावी आणि दिव्याच्या केंद्रापासून ती कड किती खाली आहे ते लिहावे.

मागची बाजू

मागे काम सोपे असते, म्हणून तेथून सुरुवात करावी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी, कारण मागची चाके उचलल्यावर हँडब्रेकचा उपयोग राहत नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच किंचित सैल करावेत. मग ॲक्सलखाली जॅक लावून गाडी उचलावी, पाट्यांच्या पुढच्या टोकाच्या पुढे चेसिसखाली स्टँड लावावेत आणि पाटे मोकळे होईपर्यंत ॲक्सल हळूहळू खाली घ्यावा. ॲक्सल मात्र जॅकवरच विसावलेला राहू द्यावा. या वेळी ब्रेकच्या रबरी नळीवर आणि हँडब्रेकच्या केबलवर डोळा ठेवावा. त्या ताणल्या जात असतील तर त्यांचे ब्रॅकेट सोडवावे.

एका वेळी एकच बाजू उघडावी. शॉकअपचा खालचा बोल्ट काढावा, यू-बोल्ट काढावेत आणि जुने यू-बोल्ट भंगारात टाकावेत, कारण एकदा ताणून बसलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढीच पकड देत नाही. पूर्ण नवा पाट्यांचा संच बसवायचा असेल तर पुढचा बोल्ट आणि मागची शॅकल सोडवावी लागते. काही गाड्यांत टाकीच्या बाजूचा बोल्ट टाकीलाच अडतो आणि टाकी थोडी खाली घ्यावी लागते. फक्त एक जादा पाटा घालायचा असेल तर सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प घट्ट केल्याशिवाय तो बोल्ट सोडू नये, नाहीतर पाटे उसळून हात चिरतात. नवा पाटा लांबीच्या क्रमाने जेथे बसतो तेथेच घालावा.

पाटे ॲक्सलच्या वर असलेल्या गाडीत पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालून उंची घेणे हा स्वस्त मार्ग आहे. जोर लावताच ॲक्सल पिळला जाण्याची प्रवृत्ती त्याने वाढते, म्हणून २५-३० मिलिमीटरपुढे तो वापरू नये, एकावर एक दोन ठोकळे कधीच रचू नयेत आणि पुढच्या ॲक्सलला तर तो लावूच नये.

मागच्या ॲक्सलपासून चेसिसकडे जाणारी एक बारीक दांडी आणि तिच्या टोकाला ब्रेकचा वाल्व्ह दिसला, तर तो भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा वाल्व्ह आहे. गाडी उंच केल्यावर त्याला वाटते की गाडी रिकामी आहे, आणि भरलेल्या गाडीतही तो मागचा ब्रेक कमी लावतो. जितकी उंची वाढली तितके त्याचे ब्रॅकेट सरकवणे किंवा संचाबरोबर आलेले ब्रॅकेट लावणे आवश्यक आहे. बहुतेकांच्या हातून हीच पायरी सुटते, आणि गाडी घाटात उतरेपर्यंत ते कळतही नाही.

प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असल्यास निघताना गाडीखाली थरथर जाणवू शकते. मधल्या बेअरिंगचे ब्रॅकेट वॉशर घालून १० मिलिमीटरच्या आसपास खाली घेतल्यास ती बहुधा थांबते.

पुढची बाजू

येथे एक नियम वादातीत आहे: कॉइल आणि शॉकअप एकत्र असलेल्या भागाच्या माथ्यावरचा मधला नट गाडीवर असताना किंवा हाताने कधीही सोडू नये. दाबलेली स्प्रिंग शेकडो किलोचा जोर धरून बसलेली असते. जुळवलेला तयार भाग विकत घ्यावा, किंवा प्रेस असलेल्या गॅरेजमधून नवी स्प्रिंग चढवून आणावी. संचात डाव्या-उजव्या बाजूची खूण असते ती पाहावी. चालकाची बाजू जड असल्याने काही संचांत दोन्ही बाजूंची स्प्रिंग सारखी नसते.

चेसिसखाली स्टँड लावून चाक काढल्यावर खालच्या आर्मच्या अलाइनमेंट बोल्टवर छिन्नीने किंवा रंगाने खूण करावी. अँटी-रोल बारची लिंक सोडवावी, ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर ज्या ब्रॅकेटमध्ये अडकवलेली असते ती मोकळी करावी. वरच्या बॉल जॉइंटचा नट पूर्ण काढू नये. तीन-चार आटे राखून सैल करावा आणि नकलच्या (चाकाचा हब धरणाऱ्या लोखंडी भागाच्या) बाजूवर हातोड्याचा जोरकस घाव घालावा. जॉइंट सुटला की नकल बाहेर कोसळू नये म्हणून तो दोरीने चेसिसला बांधून ठेवावा, अन्यथा ड्राइव्ह शाफ्ट जॉइंटमधून ओढला जातो. नंतर माथ्यावरचे तीन नट आणि खालचा एक बोल्ट काढून जुना भाग बाहेर घ्यावा.

नवा भाग बसवताना वरचे तीन नट आधी बोटांनीच लावावेत आणि खालचा आर्म जॅकने उचलून बोल्टचे छिद्र जुळवावे. चाक पूर्ण लोंबते असताना वरचा आर्म स्प्रिंगला टेकत नाही ना, हे हात घालून पाहावे.

रबरी बुश असलेला कोणताही बोल्ट गाडी हवेत असताना अंतिम घट्ट करू नये, मग तो पुढच्या आर्मचा असो वा मागच्या पाट्यांचा. रबर आतल्या व बाहेरच्या नळीला चिकटलेले असते. लोंबत्या स्थितीत घट्ट केले तर गाडी खाली उतरल्यावर ते कायम पिळलेले राहते, उंचीचे माप खोटे दिसते आणि बुश लवकर फाटतो. गाडी चाकांवर उतरवावी, पुढून-मागून काही वेळा दाबून हलवावी, दहा-वीस मीटर मागे-पुढे न्यावी आणि मगच पुस्तिकेतील आकड्यांप्रमाणे टॉर्क पान्याने सगळे घट्ट करावे. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावू नये, कारण त्याने टॉर्कचा आकडा फसवा ठरतो. बुशच्या नळीतून जाणाऱ्या गुळगुळीत भागावर मात्र तांब्याचे ग्रीस जरूर लावावे, म्हणजे पुढच्या वेळी ग्राइंडर लागणार नाही.

टायर चढवणे आणि घासाघासी शोधणे

पाचही टायर एकाच आकाराचे घ्यावेत. फोर-बाय-फोर गाडीत वेगळ्या व्यासाची स्टेपनी लावून चारही चाकांना जोर दिल्यास ट्रान्स्फर केस आणि डिफरेन्शियल यांवर ताण येतो. नवी स्टेपनी हौद्याखालच्या जागेत बसते का, हे दुकानातच पाहून घ्यावे. चाक बाहेर काढणारे स्पेसर टाळावेत. ते बेअरिंगवरचा भार वाढवतात आणि चिखल थेट दारावर उडवतात.

चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोर घट्ट करावेत. १२ मिलिमीटरच्या नटांसाठी साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटर लागतात, पण आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा. त्यानंतर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे, नंतर एक पुढचे चाक फळ्यांच्या चवडीवर चढवून पुन्हा वळवावे. टायर प्लॅस्टिकच्या आतल्या अस्तराला घासत असेल तर ते कापता येते. पुढच्या चाकामागे असलेल्या केबिनच्या माउंटला किंवा चेसिसला घासत असेल, तर टायर परत करावा आणि लहान आकार घ्यावा. पत्रा ठोकून जागा करण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नये. रंग उडालेल्या त्या जागी पहिल्याच पावसात गंज धरतो.

अलाइनमेंट, दिवे आणि पहिले ५०० किलोमीटर

पुढची उंची वाढली की कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) कमी होतो, स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही आणि वेगात गाडी भरकटल्यासारखी वाटते. टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेर कोन) बिघडलेला असेल तर नवे टायर हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये कडेने खाल्ले जातात. म्हणून थेट, सावकाश, चिपळूण, रत्नागिरी किंवा कणकवलीसारख्या ठिकाणच्या संगणकीय अलाइनमेंटला जावे आणि आधी-नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्यावा. फक्त टो जुळवून गाडी परत देत असतील तर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) व कॅस्टरचे आकडे दाखवायला सांगावेत. कॅस्टर मर्यादेत येतच नसेल, तर त्यासाठी बनवलेला वरचा आर्म बसवावा लागतो. स्प्रिंगा बसल्यावर उंची काही मिलिमीटर उतरते, त्यामुळे ५०० किलोमीटरनंतर हे काम पुन्हा एकदा करावे.

त्याच रात्री भिंतीसमोर जाऊन दिवे खाली करावेत. दिव्याच्या केंद्रापासून प्रकाशाची कड १० मीटरवर साधारण १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. एकपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांचा विचार करून हे काम पुढे ढकलू नये.

५० ते १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. नवे पाटे बसतात तसे यू-बोल्ट हमखास सैल होतात. पहिल्या काही फेऱ्यांत गाडी रिकामीच चालवावी, वळणावर ती पूर्वीपेक्षा जास्त कलते याची हाताला सवय होऊ द्यावी आणि दाभोळ-धोपावेसारख्या जंगलजेट्टीच्या (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीच्या) उतारावर चढताना पुढचा-मागचा बंपर टेकतो का, तेही पाहून घ्यावे.

ग्राइंडरने, हातोड्याने किंवा पान्याने जेथे जेथे रंग उडाला असेल, तेथे प्रायमर व रंग लावून वर लॅनोलिनचा किंवा मेणाचा फवारा मारावा. ब्रेकच्या डिस्क, ड्रम आणि रबरी नळ्या यांवर तो पडू देऊ नये. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने गाडीचे पोट धुवावे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी जॉइंटचे रबरी बूट बोटांनी चाचपून पाहावेत, कारण भेग पडलेला बूट मे महिन्यात बदलला तर ग्रीस आणि बूट एवढाच खर्च येतो.